एक हात कमी करा

गुरुवारी चौथ्या तासाला आम्ही भांडायचो. इंग्रजीत, आणि कागदावर.

नल्लकुंट्याच्या आमच्या मराठी शाळेत नववीचा वर्ग मागच्या अंगाला होता. तीन भिंती चुन्याच्या, चौथी प्लायवूडची. पलीकडे आठवी बसायची आणि त्यांचा इतिहास आमच्या भूगोलात मिसळायचा. आम्ही सत्तावीस पोरं-पोरी. बहुतेकांचे आईबाप भालकी, उदगीर, देगलूर इकडचे. निजामाच्या काळात तो सगळा एकच मुलूख होता, त्यामुळे हैदराबादला येणं म्हणजे परगावी जाणं असं आमच्यात कुणी समजत नसे. घरात आमची मराठी, गल्लीत दखनी, किराण्याच्या दुकानात तेलुगू. इंग्रजी कुठंच नाही. ती फक्त शाळेत, भगवंतराव सरांच्या तासाला.

भगवंतराव सर आधी रेल्वेत होते, पत्रव्यवहाराच्या टेबलावर. नोकरी सुटल्यावर शाळेत आले. राखी सफारी, खिशात दोन पेनं, एक निळं, एक लाल. म्हणायचे, "तीस वर्षं मी दुसऱ्यांच्या सहीची पत्रं लिहिली. आता सही करणारे तयार करतोय."

आठवड्यातले बाकीचे दिवस ग्रामर. राम आंबा खातो, आंबा रामाकडून खाल्ला जातो. आंब्याचं पुढं काय होतं याच्याशी आम्हाला काही देणंघेणं नव्हतं. पण गुरुवार आला की सर फळ्यावर एक विषय लिहायचे आणि सांगायचे, "मागा." म्हणजे या गुरुवारी पत्र लिहून काहीतरी मागायचं. पुढच्या गुरुवारी त्याच पत्राला नकार द्यायचा. तोही आपणच. घरमालकाला घर रंगवून मागितलं, की पुढच्या आठवड्यात आपणच घरमालक. सुरेशनं घरमालक होऊन लिहिलं होतं की तुमच्या बकऱ्या भिंत चाटतात, त्यांना चुन्याची चटक लागली आहे, सबब रंग देता येत नाही. भाग्यलक्ष्मीनं बहिणीच्या लग्नासाठी रजा मागितली आणि पुढच्या गुरुवारी हेडमास्तर होऊन स्वतःलाच उत्तर दिलं की तुझ्या एकुलत्या एका बहिणीचं या वर्षातलं हे तिसरं लग्न आहे, आम्ही तिला शुभेच्छा देतो आणि तुला रजा देत नाही. सर ते वाचताना इतके हसले की पलीकडून आठवीच्या बाई प्लायवूड ठोकायला लागल्या.

दोन नियम होते. पहिला, खाली स्वतःचं खरं नाव. बोर्डाच्या परीक्षेत पत्राखाली नाव लिहायचं नसतं, एक्स वाय झेड लिहायचं असतं. सरांना त्याचा राग. "बोर्डात लिहा एक्स वाय झेड. माझ्या वर्गात नाही. ज्याला नाव नाही त्याचं पत्र कोण वाचतो?" दुसरा नियम, मुद्दा टोचला पाहिजे. दहातले पाच मार्क इंग्रजीचे, पाच टोचण्याचे. "हे गुळगुळीत आहे, गंगू. वाचणाऱ्याच्या खुर्चीत खिळा ठेव."

मी खिळे ठेवण्यात हुशार होते. दहातले नऊ मला नेहमी. आज इतक्या वर्षांनी मला कुणी विचारलं की तू सुखात कधी होतीस, तर मी दुसरं काही सांगणार नाही. गुरुवार, चौथा तास, फुलस्केप कागद, आणि सर लाल पेन काढून माझ्या बाकाकडे येताहेत.

आता रागाचं सांगते.

ते शहाण्णव साल होतं. त्या दोन-तीन वर्षांत शहराला इंग्रजीचा ताप चढला होता. आबिड्सला नव्या दुकानांच्या काचा लागल्या, गल्लीगल्लीत एसटीडीचे पिवळे बूथ आले, घराघरात केबल आली, आणि विद्यानगरच्या चौकात एकाच इमारतीवर कॉम्प्युटर क्लासच्या चार पाट्या. जो तो म्हणायचा, आता कंपन्या येणार, बाहेरच्या येणार. येणारच होत्या. पण कंपन्या यायच्या आधी त्यांच्या नावानं आमचा वर्ग उठवायची घाई काही लोकांना झाली.

त्यातले पहिले प्रमोद आठल्ये. पुण्याहून बेगमपेटच्या एका कॉम्प्युटर कंपनीत मोठ्या पगारावर आले आणि वर्षभरात आमच्या शाळेच्या कमिटीचे सेक्रेटरी झाले. त्यांची स्वतःची मुलं कॉन्व्हेंटला. माणूस वाईट नव्हता असं म्हणायची पद्धत असते. मी म्हणणार नाही. आमचं बोलणं ऐकून त्यांच्या चेहऱ्यावर यायचं ते हसू मला अजून दिसतं. पाचवीच्या एका पोरानं त्यांना सांगितलं, "सर, पाणी यायलंय," तर हे आपल्या बायकोकडे वळून म्हणाले, "ऐकलंस? यायलंय!" जसं काही पोरानं माकडउडी मारून दाखवली होती.

जानेवारीत बातमी फुटली. जूनपासून मराठी माध्यमाचे वरचे वर्ग बंद, सगळी शाळा इंग्रजी. आम्ही नववीतले दहावीला थेट इंग्रजीत बसणार. गणित, विज्ञान, समाजशास्त्र, सगळं.

दुसऱ्यांचं जाऊ द्या, माझं सांगते. माझा भाऊ अविनाश आठवीतून असाच एका इंग्रजी शाळेत घातला गेला होता. मराठीत पहिल्या पाचात असणारा पोरगा. नववीत दोनदा नापास झाला आणि आता नल्लकुंटा ते कोठी ऑटो चालवत होता. बाबांनी दिवाळीतच मला सांगून ठेवलं होतं, "दहावी पास झालीस तर पुढं शिक. नापास झालीस तर शिकणं बंद, भालकीला सोयरीक बघतो. अविनाशसारखी वर्षं घालवायला मी बसलो नाही." मला पत्र लिहिता येत होतं, पण चुंबकाचे नियम इंग्रजीत कोण सांगणार? सर विज्ञान शिकवत नव्हते. दुसरी मराठी शाळा शहराच्या त्या टोकाला, दोन बस बदलून. पोरीला एकटीला दोन बस बाबा बदलू देणार नव्हते. म्हणजे हिशेब सरळ होता. मराठी दहावी एक वर्ष चालली तर मी शिकणार. नाही चालली तर भालकी.

कमिटीनं ठरवलं की पालकांची सभा घ्यायची, हात वर करून मत घ्यायचं. फेब्रुवारीतला पहिला रविवार. आमचे पालक बहुतेक सगळे विरोधात होते. मराठी शिकवणाऱ्या उषाबाई घरोघरी जाऊन बोलल्या होत्या. बाईंची नोकरीही त्यातच अडकलेली, पण त्या ते बोलत नसत. "पोरांचं एक वर्ष तरी वाचवा," एवढंच. बाबाही म्हणाले होते, "हौ बाई, माझा हात खालीच राहील."

सभेच्या दहा दिवस आधीचा गुरुवार. सरांनी फळ्यावर विषय लिहिला: शाळा इंग्रजी माध्यमाची करावी म्हणून कमिटीला पत्र. वर्गात गडबड उडाली. सुरेश उठून म्हणाला, "सर, आपण आपल्याच पायावर धोंडा मागायचा?"

"मागा," सर म्हणाले. "पुढच्या गुरुवारी नकार आहेच. ज्याला समोरच्याची बाजू लिहिता येत नाही त्याला आपलीही येत नाही. आणि टोचलं पाहिजे. हे खरं भांडण आहे, लुटुपुटीचं नाही."

मी लिहिलं. कसं लिहिलं! ते पत्र मला अजून पाठ आहे, पण इंग्रजीत सांगत नाही, त्यातली मिजास मराठीत जास्त कळते. मी लिहिलं, महोदय, आमचे आईबाप अडाणी आहेत. त्यांना मिरचीचं पोतं आणि पोराचं आयुष्य यातला फरक कळत नाही. जे आम्हाला मराठीत ठेवू पाहतात त्यांना आम्ही हमाल व्हावं असं वाटतं, कारण ते स्वतः हमाल आहेत. मराठीच्या तासाला आम्हाला गोष्टी सांगतात, आणि गोष्टींनी पोट भरत नाही. आमच्या आईबापांना विचारू नका, आम्हाला विचारा.

खाली: गंगू लक्ष्मणराव बिरादार, नववी.

माझे बाबा, लक्ष्मणराव, बेगम बाजारात मिरचीच्या अडतीवर काटा धरायचे. त्यांच्या सदऱ्यात मिरची इतकी मुरलेली असायची की ते बसमध्ये चढले की आजूबाजूचे शिंकायचे. मिरचीचं पोतं मी तिथून उचललं. खिळा हवा होता, घरात सापडला, ठोकला. वाईट वाटलं का? खरं सांगते, नाही. मला दहातले दहा मिळाले. पहिल्यांदाच. सरांनी वर्गात मोठ्यानं वाचून दाखवलं आणि कागद बाजूला ठेवताना म्हणाले, "असं लिहिणारं पोर माझ्या टेबलाला असतं तर रेल्वे वेळेवर धावली असती."

पुढच्या गुरुवारी नकार लिहायचा होता. पण त्या दिवशी स्पोर्ट्स डे आला, तास झालेच नाहीत. आम्ही मैदानात लिंबू-चमचा धावत होतो. आमच्या पत्रांना उत्तर लिहायचं राहून गेलं.

रविवारी सकाळी हॉल गच्च भरला. बाबा धुतलेला सदरा घालून आले तरी पुढच्या रांगेतल्या दोघांना शिंका आल्याच. आम्ही मुलं मागे भिंतीला टेकून उभी. आठल्ये कंपनीतून एक मशीन घेऊन आले होते. काचेवर कागद ठेवला की उजेड पडून भिंतीवर मोठं अक्षर दिसायचं. असलं काही आमच्या लोकांनी पाहिलेलं नव्हतं. सगळे कौतुकानं भिंतीकडे बघत बसले.

आठल्ये म्हणाले, "कमिटीचं मत मी सांगणार नाही. आपल्या मुलांचं मत ऐका. त्यांनी आपल्या हातानं, आपल्या सहीनं कमिटीला पत्रं लिहिली आहेत. तीही इंग्रजीत!"

आणि भिंतीवर माझं अक्षर आलं. माणसाच्या उंचीचं.

मला आधी काही कळलंच नाही. आपलं अक्षर एवढं मोठं झालं की परक्याचं दिसतं. मग आठल्यांनी वाचायला सुरुवात केली. घोळवून घोळवून, बातम्या वाचतात तसं. हॉलमध्ये इंग्रजी कळणारे पंधरावीस जण असतील. कमिटीचे लोक, दोन बँकवाले, आमचे शिक्षक. बाकी पाऊणशे माणसं फक्त आवाज ऐकत होती. वाचून झाल्यावर आठल्ये म्हणाले, "नववीतली मुलगी. कुमारी गंगू लक्ष्मणराव बिरादार. लक्ष्मणराव आलेत का?"

बाबा उठले. त्यांना आयुष्यात कुणी भर सभेत नावानं उठवलं नव्हतं.

"तुमच्या मुलीनं हे लिहिलंय, लक्ष्मणराव."

"माझी गंगू?" बाबा भिंतीकडे बघत राहिले. इंग्रजी त्यांना एक अक्षर येत नव्हतं. शेजारच्याला विचारलं, "ते खाली नाव हाय का तिचं?" शेजारचा म्हणाला हो. बाबांनी टाळ्या वाजवल्या. आधी त्यांनी एकट्यानं, मग सगळ्या हॉलनं.

मी ओरडले. "सर, तो वर्गपाठ होता! ते खरं नाही!"

आठल्ये हसले. "सही खोटी आहे का, बाळ?"

"नाही, पण..."

"भाषा कुणाची?"

"माझी, पण सर..."

"बघा," ते सभेला म्हणाले, "किती लाजते. मराठी शाळेत राहून ही एवढं लिहिते, इंग्रजी शाळेत काय करेल विचार करा."

परत टाळ्या. मी भगवंतराव सरांकडे बघितलं. ते शिक्षकांच्या रांगेत पहिल्या खुर्चीवर होते. उठले. "अं, ते एक्सरसाइज होतं," एवढं म्हणाले. आठल्ये म्हणाले, "उत्तम एक्सरसाइज!" लोक हसले आणि सर बसले. बसले! ज्या माणसानं आम्हाला खुर्चीत खिळे ठेवायला शिकवलं तो आपल्या खुर्चीत मुकाट बसला.

मग हात वर झाले. बाबांचा हात सगळ्यात आधी, सगळ्यात उंच. त्यांचा बघून आमच्या गल्लीतल्या सगळ्यांचे. एकसष्ट बाजूनं, चौदा विरोधात.

बाहेर पायरीवर उषाबाई भेटल्या. मी म्हणाले, "बाई, ते तसं नव्हतं." बाईंनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "वाक्यं छान आहेत गं," म्हणाल्या आणि चपला घालून गेल्या. मला त्यांनी थोबाडीत मारलं असतं तर परवडलं असतं.

त्यानंतरच्या गुरुवारी चौथ्या तासाला सर आले. कुणी वही काढली नाही. सरांनी खडू उचलला, ठेवला.

मीच उठले. "सर, पत्रं तुम्ही दिलीत?"

"दिली."

"का?"

सर फळ्याकडे वळले. मग म्हणाले, "आठल्ये म्हणाले मराठी माध्यमाच्या पोरांना इंग्रजी येत नाही. मी म्हटलं थांबा, दाखवतो. चांगली दहा पत्रं निवडून दिली. मी त्यांना तुमचं इंग्रजी दाखवायला दिली होती, गंगू. त्यांनी ती वाचली."

सुरेश हळू आवाजात म्हणाला, "तीस वर्षं रेल्वेत काढून एवढं नाही कळलं सरांना?" सरांनी ऐकलं. रागावले नाहीत. "नाही कळलं," म्हणाले. "तिथं पत्रात काय लिहिलंय ते बघणं माझं काम नव्हतं."

मी त्यांच्यावर चिडलेली होते आणि आजही आहे. पण खोटं बोलणार नाही. आपल्या पोरांचं अक्षर कुणाला तरी दाखवावं, या हौसेपायी एखादा माणूस एवढा आंधळा होऊ शकतो, हे बघून मला त्यांचा रागही धड करता येईना. आम्हाला आमच्यासाठी असा आंधळा झालेला दुसरा कुणी भेटला नव्हता. सर म्हणाले नकाराची पत्रं लिहा, मी स्वतः नेऊन देतो. आम्ही लिहिली. सत्तावीस. इतकी टोचणारी की बसवणार नाही त्या खुर्चीत. सर घेऊन गेले. कमिटी म्हणाली, ठराव झाला.

वर्ग जूनमध्ये बंद झाला, ते आताच सांगून टाकते. उगाच आशा लावून ठेवायची मला सवय नाही.

पण घरी एक गोष्ट बाकी होती. बाबा आठवडाभर हवेत होते. बाजारात अडत्याला सांगितलं, ऑटोत बसणाऱ्यांना सांग म्हणून अविनाशला सांगितलं. आईला रोज, "भिंतीवर, अगं, भिंतीवर! एवढं मोठं नाव!" आणि मला, "आता भिऊ नको. एवढं इंग्रजी येतंय तर दहावी कायकू नापास होशील?"

शुक्रवारी संध्याकाळी ते बाजारातून आले, हातपाय धुतले, चहा घेतला. मी समोर बसले.

"बाबा, त्या पत्रात काय होतं सांगू?"

"सांग की. मी वाटच बघायलो."

मी सांगितलं. एकेक वाक्य इंग्रजीत म्हणायचं, मग मराठीत. पहिल्या वाक्याला त्यांनी मान हलवली, गाण्याला हलवतात तशी. अडाणी या शब्दावर मान थांबली. मिरचीच्या पोत्यावर आईनं आतून, "बास कर गं," म्हटलं. बाबा म्हणाले, "बोलू दे तिला." मी हमालाचं सांगितलं. ते स्वतः हमाल आहेत, हेही सांगितलं. आईबापांना विचारू नका, हेही. एकही वाक्य गाळलं नाही.

बाबांनी कपातला चहा बघितला. संपला होता.

"हे तुला वाटतंय?"

"नाही. सर म्हणायचे टोचलं पाहिजे. मला मार्क पाहिजे होते."

"किती मिळाले?"

"दहा."

"दहातले?"

"हौ."

त्यांनी कप खाली ठेवला. "मला कळंना म्हणून मी टाळ्या वाजवल्या. ज्यांना कळत होतं, त्या हॉलमधल्या, त्यांनी पण वाजवल्या?"

मी म्हणाले, "वाजवल्या."

"माझ्याकडं बघून?"

"हौ बाबा."

जेवून बाबा चौकाकडे गेले, उशिरा परतले. सकाळी मात्र आंघोळ करून बाजारात न जाता मला म्हणाले, "चल शाळेत."

शनिवारी आठल्ये ऑफिसात बसायचे. भगवंतराव सरही तिथंच होते, हजेरीपत्रक भरत. बाबा उभे राहिले. आठल्यांनी खुर्ची दाखवली, हे बसले नाहीत. सदरा कामाचा होता. आठल्यांना शिंक आली.

"साहेब, माझा हात काढा."

"म्हणजे?"

"परवा वर केला तो. एकसष्ट लिवलेत ना? साठ करा."

आठल्ये समजुतीनं म्हणाले, "लक्ष्मणराव, त्यानं काय फरक पडतो? साठ काय, एकसष्ट काय."

"तुम्हाला नाही पडत. माझा हात हाय तो. फसून वर गेला."

"फसवलं कुणी? पत्र तुमच्या मुलीचंच."

"मुलगी पंधरा वर्षांची हाय. तिला मार्क पाहिजे होते. तुमचं वय काय हाय, साहेब?"

मी सरांकडे बघितलं. ते हजेरीपत्रकात मान खाली घालून होते, पण पेन हलत नव्हतं.

आठल्यांचा चेहरा तापला. "हे बघा, ठरावात असा बदल करता येत नाही. लेखी अर्ज करावा लागेल."

"करतो की." बाबा माझ्याकडे वळले. "लिव्ह."

मी टेबलावरचा कागद ओढला. सवयीनं इंग्रजीत सुरुवात केली. रिस्पेक्टेड सर. बाबांनी बोट ठेवलं. "मराठीत. सही मी करणार, मला वाचता आलं पाहिजे."

आणि माझा हात थांबला. मला मराठीत अर्ज लिहिताच येईना! निबंध यायचा, पत्र मैत्रिणीला यायचं. पण साहेबाला तोंडावर काय म्हणायचं ते मी फक्त इंग्रजीत शिकले होते. जे वाक्य सुचे ते इंग्रजीतून ओढून आणल्यासारखं, लंगडं. मी दोनदा खोडलं. आठल्ये घड्याळ बघत होते. भगवंतराव सर हळूच म्हणाले, "गंगू, सांगू का?"

"नको," मी म्हणाले. त्यांना मी आयुष्यात तेवढं एकदाच नको म्हणाले.

शेवटी बाबा बोलत गेले आणि मी उतरवत गेले. "माझं नाव लक्ष्मणराव बिरादार. मी मिरचीचा काटा धरतो. सभेत काय वाचलं ते मला कळलं नाही. कळलं असतं तर हात वर केला नसता. माझा एक हात कमी करा." बस. ना विनंती, ना कृपा, ना आपला विश्वासू. मग त्यांनी कागद घेतला आणि बोट ठेवून मोठ्यानं वाचला. हळू, अक्षर जोडत, एकेका शब्दाला थांबत. आठल्यांना ते सगळं ऐकत बसावं लागलं. सही केली. टेबलावर ठेवला.

"आता मुलीचं काय करणार?" आठल्ये म्हणाले. आवाज खाली आला होता, हे मी कबूल करते. "हुशार आहे. जूनमध्ये इंग्रजीत येऊ द्या, सांभाळून घेऊ."

"टी.सी. द्या," बाबा म्हणाले.

मी दचकले. घरी याबद्दल शब्द निघाला नव्हता. वाटलं, संपलं. भालकी.

"टी.सी. घेऊन काय करणार?"

"देगलूरला हिची मावशी हाय. तिथं मराठीत दहावी होते. मी काल चौकातल्या बूथवरून फोन लावला. सतरा नंबरचा फॉर्म भरून बसता येतंय म्हणे बाहेरून." मग माझ्याकडे न बघता, "पास झाली तर पुढं शिकंल. झाली नाही तरी बघू. एकदम भालकी नाही."

भगवंतराव सर उठले. टी.सी.चं पुस्तक कपाटातून त्यांनीच काढलं, क्लार्क यायची वाट बघितली नाही. माझं नाव लिहिलं, आईचं, बाबांचं. 'शाळा सोडण्याचे कारण' या रकान्यापाशी त्यांचं पेन थांबलं. आठल्यांकडे बघितलं, मग खाली बघून लिहिलं: 'मराठी माध्यमाचा वर्ग बंद केल्यामुळे.'

आठल्ये म्हणाले, "सर, तिथं फक्त पालकांची इच्छा लिहितात."

"मला माहीत आहे," सर म्हणाले, आणि खाली शिक्का मारून निळ्या पेनानं पूर्ण नाव लिहून सही केली. भगवंतराव गणपतराव कुलकर्णी. तोपर्यंत मला त्यांचं आडनावही माहीत नव्हतं.

आम्ही बाहेर आलो. मैदानात आठवीची पोरं कबड्डी खेळत होती. आमच्या वर्गाच्या खिडकीतून आत कुणी दिसत नव्हतं, शनिवारी नववीला सुट्टी असायची. मी बघत उभी राहिले. त्या एका खोलीत मी जितकं हसले तितकं पुढे कुठं हसले नाही. देगलूरला पास झाले, पुढेही शिकले, कुणी न शिकवता बरंच काही वाचलं. पण तसे तास परत आले नाहीत, आणि ते कुणी बंद केले ते मी विसरणार नाही. त्यात माझं नाव पण आहे.

बाबा मला घेऊन बसस्टॉपवर आले. तिथं उभे राहून म्हणाले, "मावशीकडं राहशील ना?"

"राहीन."

"दर आठवड्याला पत्र टाक."

"टाकीन."

"मराठीत टाक," बाबा म्हणाले. "इंग्रजीत नक्को. माझ्याबद्दल काय लिवशील, आणि मी परत टाळ्या वाजवत बसंन."

पुढच्या बाकड्यावरच्या बाईला शिंक आली. बाबा एक पाऊल मागे सरले, आणि मी त्यांच्या आणखी जवळ जाऊन उभी राहिले.